नारबाचा शिष्य

आमच्या शेजारचे किसनतात्या कुलूप पोटाने उघडायचे.

थट्टा नाही. गावकीच्या भांड्यांच्या खोलीची किल्ली तात्यांच्या करदोड्याला बांधलेली असायची, आणि तो दोरा इतका आखूड की किल्ली कुलपापर्यंत न्यायची तर किल्लीबरोबर तात्यांनाही जावं लागे. तात्या सदरा वर करायचे, त्याचं टोक हनुवटीखाली दाबायचे, दाराला पोट लावायचे, टाचा उचलायचे आणि दाराला मिठी मारल्यासारखे उभे राहून आत काहीतरी खुडबुड करायचे. पातेलं न्यायला आलेली माणसं तोवर सभ्यपणे डोंगराकडे बघत राहायची. लग्न होऊन मी या गावात आले, तेव्हा सासूबाईंनी आधी सांगून ठेवलेली परात आणायला मला पाठवलं आणि हे दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली. मी धावत जाऊन त्यांना मागून धरलं.

"सोड, सोड," तात्या दाराकडे तोंड करूनच म्हणाले, "किल्ली फिरतीया."

दोरा लांब का करत नाही, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "लांब दोरा म्हंजी किल्ली दुसऱ्याच्या हातात जायाची सोय. नारबानं केली असती का?"

हा नारबा कोण, ते सांगते. त्याआधी माझ्याबद्दल थोडं. मी मूळची भोरची. वेल्ह्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, रोज एसटीने जाते-येते. मी एम.ए. मराठी आहे ही गोष्ट गावात फक्त तात्यांनी मनावर घेतली. बाकीच्यांचा समज असा की एम.ए. झाल्याशिवाय झेरॉक्स काढता येत नाही. गाव आमचं पासलीच्या वाटेवर, भातखाचरांच्या वरच्या अंगाला. आमचं घर आणि तात्यांचं घर यांच्यामध्ये एक शेवग्याचं झाड आहे आणि सासूबाईंचा राग आहे. राग अशासाठी की एका पूजेला त्यांनी मोठी कढई मागितली, तात्यांनी माणसं मोजून लहान कढई दिली, आणि शिरा पुरला. पुरला याचाच राग जास्त.

तर एक दिवस तात्यांनी मला ओसरीवर बोलावलं. ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली एक जाडजूड कादंबरी काढली आणि माझी तोंडी परीक्षा सुरू केली.

"ही वाचलीस?"

वाचली होती. आम्हाला अभ्यासालाच होती. जुनी, गाजलेली, पुष्कळांच्या घरी असलेली आणि त्यातल्या थोड्यांनी वाचलेली अशी कादंबरी. नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही ती काढून वाचाल, आणि तात्यांनी तिचा किती भलता अर्थ लावला होता ते तुम्हाला कळेल.

"ह्यात मोठा मानूस कोन?"

"धाकटे राजे," मी म्हणाले. "तेच नायक आहेत."

"नायक निम्म्यात मेला की गं!" तात्या माझ्याकडे दयेने बघत म्हणाले. "मेलेला मानूस मोठा कसा? मोठा मानूस नारबा. शेवटच्या पानापातूर जागच्या जागी हाय."

मला नारबा आठवायलाच वेळ लागला. त्या कादंबरीतल्या लहानशा संस्थानात राजाचे जोडे सांभाळणारा एक हुजऱ्या आहे, तो हा. आमच्या सरांनी त्याला 'कारस्थानी' या एका शब्दात आटपलं होतं आणि पुढे गेले होते. तात्या मात्र त्याच्यापुढे गेलेच नव्हते. ही कादंबरी त्यांना भोरला रद्दीच्या ढिगात मिळाली होती. सातवी शिकलेल्या तात्यांनी तिची पारायणं केली ती फक्त नारबासाठी. युद्धं, विरह, चांदण्या रात्री, सगळं ते अंगठ्याने भराभर उलटत आणि नारबा आला की थांबत.

"बघ कसं केलं त्यानं," ते सांगू लागले. "जोडे सांभाळायचं काम. हलकं. पर नारबा रोज येळेवर. राजा उठला की जोडे पुढ्यात. वरसानुवरसं. आन मग एक दिस मुद्दाम उशीर केला. राजा दरबाराला निघालेला, पायात काय न्हाई. अनवानी उभा. सगळा दरबार खोळंबला. त्या दिशी राजाला कळलं, ह्यो मानूस नसंल तर आपल्याला उंबरा वलांडता येत न्हाई. कळलं का? आदी येळेवर यायचं. मग उशीर करायचा."

"याला कारस्थान म्हणतात, तात्या."

"तुज्या सरांनी म्हनावं. पुढं ऐक. राजानं जामदारखान्याची, म्हंजी खजिन्याची, किल्ली दिऊ केली. नारबा न्हाई म्हनला. दुसऱ्यांदा दिली, तरी न्हाई. तिसऱ्यांदा राजा चिडला, तवा म्हनला, हुकूमच असंल तर घेतो. सत्ता मागायची नसती, सूनबाई. वडून घ्यायची बी नसती. आपल्याला चिकटली म्हनून रडत रडत घ्यायची."

यावर मला हसू आलं, पण पुढे सासूबाईंनी मला किल्लीची कथा सांगितली तेव्हा जास्त आलं. गावाने वर्गणी काढून लग्नकार्याची भांडी घेतली: मोठी पातेली, कढया, पराती, ताटं, वाढायची ओगराळी. सांभाळणार कोण, यावर सभा बसली. कुणालाच ब्याद नको होती. तात्या म्हणाले, "म्या न्हाई बाबा. माजं घर बारकं." सगळ्यांनी आग्रह केला. तात्या म्हणाले, "मला कशाला वडताय ह्यात?" शेवटी त्या वेळचे सरपंच वैतागून म्हणाले, घ्या हो तात्या, गावाचा हुकूम समजा. तात्यांनी डोळ्याला उपरणं लावलं आणि किल्ली घेतली. 'हुकूम' हा शब्द सरपंचांच्या तोंडी आपोआप आला की तात्यांनी कुणाकरवी घातला, यावर सासूबाईंची अजून खात्री होत नाही.

पुढची पायरीही झाली. दोन-तीन लग्नाचे हंगाम तात्या अगदी हाकेला हजर. आणि मग त्याच सरपंचांच्या मुलीच्या हळदीला तात्या नसरापूरला केस कापायला गेले. मांडवात तांदूळ धुऊन ठेवलेले, आचारी चुलीपुढे हात बांधून बसलेला, आणि भांड्यांना कुलूप. सरपंच स्वतः एसटीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. तात्या शेवटच्या गाडीने उतरले आणि भोळेपणाने म्हणाले, "आज व्हतं व्हय?" तेव्हापासून गावात लग्नाची तारीख धरायची तर आधी तात्या गावात आहेत का ते बघायची रीत पडली.

आता मिळवलेली सत्ता टिकवायची कशी? तात्यांच्या मते खरी अक्कल तिथे लागते, आणि खरा नारबा तिथेच दिसतो. नारबाने जामदारखाना अशा रीतीने लावला की त्याच्यावाचून कुणाला काही सापडू नये. तात्यांनी कुठल्याच पातेल्यावर त्याचं झाकण ठेवलं नाही. नारबाने काही लिहून ठेवलं नाही. तात्यांनीही नाही, सगळं डोक्यात. नारबा दारात बसे आणि राजाकडे जाणाऱ्याला आधी त्याच्यापाशी बसावं लागे. तात्यांच्या ओसरीवर सतरंजी कायम अंथरलेली असे. पातेलं पाहिजे? बसा. चहा घ्या. फोनवर मागितलं तर ते म्हणत, "फोनात भांडं दिसत न्हाई," आणि बंद करत. निरोप चालत नसे, पोराला धाडलेलं चालत नसे. खालच्या बौद्धवाड्यातलं लग्न असो नाहीतर वरच्या आळीतलं बारसं, घरातल्या कर्त्या माणसाने यावं, बसावं, गवती चहा घातलेला तो काळा चहा प्यावा आणि सगळं सांगावं. मुलगी कुठली, तिचा भाऊ काय करतो, रस्सा आहे का आमटी, रुसलेला चुलता येणार की नाही. चुलता येणार नसेल तर तात्या पातेलं बदलत.

"नारबानं आयुष्यात लाच खाल्ली न्हाई," ते मला एकदा म्हणाले. "तो बातमी खायचा."

तात्यांनाही तीच भूक. आणि खाल्लेली बातमी ते विसरत नसत. कुणी वर्षापूर्वी बोलता बोलता गुडघा दुखतो म्हणालेलं असे, बांधावर भेटला की तात्या विचारत, "गुडगा कसा हाय?" माणूस दचके. मीही दचकायचे. मला वाटायचं, हेर लोक असंच करतात.

कादंबरीतलं त्यांचं सगळ्यात आवडतं पान म्हणजे संस्थानचे दिवाण नारबाच्या दारात बसतात ते. काम अडलेलं असतं, बाहेर पाऊस असतो, आणि दिवाण मुकाट्याने सुपारी कातरत बसून राहतात. हे पान तात्या मला मोठ्याने वाचून दाखवत. "अख्खा दिवाण, सूनबाई! नारबाच्या दारात! किती येळ बसला बघ." पुढे काय होतं, यात त्यांना रस नव्हता. दिवाण उठला की ते पुस्तक मिटत.

मग काळ बदलला. हमरस्त्यावर, नसरापूरकडे, किकवीकडे, मोठाली मंगल कार्यालयं झाली. तिथं सगळंच त्यांचं: मांडव त्यांचा, आचारी त्यांचा, भांडी त्यांची. गावातली वऱ्हाडं टेम्पोत बसून खाली उतरायला लागली. तात्या पहिल्यांदा अशा लग्नाला गेले तेव्हा जेवायच्या आधी मागच्या बाजूला जाऊन कार्यालयाची पातेली बघून आले. "बुडं पातळ हायती," एवढंच म्हणाले. जेवताना भात खाली लागल्याचा वास येतो का, म्हणून सारखे हुंगत होते. आला नाही.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी एखादी परात मागायला यायचं, मग तेही थांबलं. तात्या भांडी बाहेर काढून घासत, उन्हात पालथी घालत, पुन्हा आत ठेवत. त्यासाठी अर्थातच दाराला पोट लावायचा सोहळा व्हायचा, पण डोंगराकडे बघत उभं राहायला आता कुणी नसे. सकाळी मी एसटीसाठी पळत असायचे आणि ओसरीवरून हाक यायची.

"सूनबाई, परात न्यायची व्हती न्हवं?"

"नाही तात्या."

"न्यायची असंल तर सांग. आज मोकळा हाय."

आणि मग यंदा ग्रामसभेचं ठरलं. गावात पिण्याच्या पाण्याचं फिल्टरचं मशीन बसवायचं होतं, त्याला खोली हवी होती, आणि रिकामी अशी खोली भांड्यांचीच होती. भांडी मोडीत द्यायची, खोली मोकळी करायची, असा विषय निघणार होता. सरपंच आता संदीप, तरुण, हुशार, कामाचा. त्याच्या बारशाच्या घुगऱ्या याच पातेल्यात शिजल्या होत्या, पण ते त्याला कसं आठवणार?

सभेच्या आदल्या दिवशी मी तात्यांना म्हणाले, "वेळेवर जा हां. पहिल्या रांगेत बसा. भांडी ठेवा, दुसरी खोली बघा, असं उभं राहून सांगा. मी तुमच्या बाजूने बोलते."

तात्या हसले. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा खुललेला पाहिला.

"येडी हाईस. नारबावर ह्योच परसंग आला व्हता. कारभाऱ्यांनी जामदारखाना हालवायची बैठक घेतली. नारबा गेलाच न्हाई. घरात बसून ऱ्हायला. मग काय झालं? किल्लीबिगर बैठक करती काय? सगळे उठले आन नारबाच्या दारात आले. दिवाण बी आला. तू बघच. सभा हितं हुईल, माज्या वसरीवर."

"तात्या, ती कादंबरी आहे."

"व्हय. म्हनून तर लोकं इतकी वरसं वाचत्यात."

मी फार वाद घातला नाही. घातला असता तरी ते ऐकणारे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. मी दुकान लवकर बंद करून आले होते. भांड्यांचा विषय निघाला, तेव्हा मी उठून म्हणाले, तात्या येईपर्यंत थांबू या. पाचेक मिनिटं थांबलेही सगळे. कुणीतरी म्हणालं, किल्ली त्यांच्याकडे आहे, जाऊन घेऊन या. आणि संदीप म्हणाला, त्यात त्याचा वाईट हेतू नव्हता, "तात्यांकडं किल्ली मागायला गेलं की बसा, चहा घ्या, चुलत्याचं सांगा. अर्धा दिवस जातो. त्यापेक्षा उद्या सकाळी कटर आनतो, कुलूप तोडून मोकळं व्हऊ." सगळे हसले. सासूबाई सोडून. हात वर झाले आणि विषय संपला. पुढचा विषय रस्त्यावरच्या दिव्यांचा होता.

मी परत आले तेव्हा शेवग्यावर अजून ऊन होतं. तात्या ओसरीवर बसले होते. धुतलेलं धोतर, कडक टोपी. एका सतरंजीला जोडून दुसरी अंथरलेली. परातीत कप मांडून ठेवलेले, स्वतःचे होते तेवढे आणि कुठून तरी मागून आणलेले काही. आत चुलीवर चहा उकळत होता, गवती चहाचा वास अंगणापर्यंत येत होता.

"कुठवर आली मंडळी?" त्यांनी विचारलं.

मी चपला काढल्या आणि पायरीवर बसले. "सभा संपली, तात्या."

"संपली म्हंजी?"

"ठराव झाला. सगळे घरी गेले."

त्यांनी पोटावर हात ठेवला, सदऱ्यावरूनच. "आन किल्ली?"

"उद्या कटरने कुलूप तोडणार आहेत."

"कुलूप चांगलं हाय गं," ते म्हणाले. "उगं तोडत्यात." मला वाटलं, आता चिडतील, संदीपचा उद्धार करतील, नारबाचं काहीतरी काढतील. ते म्हणाले, "माजं नाव तरी निघालं का?"

"निघालं की."

"काय म्हनली?"

"तात्यांनी भांडी फार नीट ठेवली, असं म्हणाले."

"कोन म्हनलं?"

खोटी बातमी त्यांना पहिल्या घासाला कळायची. मी कुणाचं नाव घ्यावं म्हणून अडखळले, आणि त्यांना समजलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

आत जाऊन त्यांनी चुलीतला जाळ कमी केला आणि पुन्हा बाहेर आले. परातीतले कप एकेक करून पालथे घालत बोलू लागले. इतका वेळ नारबाशिवाय बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तुजी काकू गेली, तू तिला बघितली न्हाईस. त्या साली लोकं आली. धा दिस घर भरल्यालं. मग कोन कशाला यील? लोकं वाईट नसत्यात, ज्याला त्याला काम असतं. ल्योक पुन्याला. सांजची भाकर टाकायची आन भिताडाकडं बघत खायची. एकदा बांधावर कुनी हाक मारली, तर माज्या तोंडातनं आवाजच फुटंना. बोलायची सवच ग्येली व्हती. मग ही भांड्यांची सभा झाली. पयला मानूस पातेलं न्यायला आला, हितंच बसला, आन म्हनला, तात्या, कसं चाललंय? कुनी इचारलंच नव्हतं मला. त्यो ग्येल्यावर म्या ठरवलं, मरंस्तवर ही किल्ली सोडायची न्हाई."

मला रडू आलं. एम.ए.ला सत्ता, लालसा, कारस्थान असे मोठे मोठे शब्द वापरून मी उत्तरं लिहिली होती आणि चांगले गुण मिळवले होते. या माणसाला दारात कुणीतरी बसायला हवं होतं, बास. त्यासाठी त्याने अख्ख्या गावाची गैरसोय केली, आणि गावानेही गैरसोयच तेवढी लक्षात ठेवली.

"चहा द्या की," मी म्हणाले.

चहा आटून काळा कडू झाला होता. मी प्याले. मग आणखी प्याले. सासूबाई पलीकडून हाका मारत होत्या, नंतर त्याही थांबल्या. मी उठले तेव्हा तात्या म्हणाले, "उद्या यीशील का गं?"

उद्या दुकान आहे, गाडी सकाळची आहे, असं तोंडापर्यंत आलं होतं.

"येते," मी म्हणाले.

सकाळी मी गेले तेव्हा सतरंजी एकच होती. शाळेशेजारच्या भांड्यांच्या खोलीपाशी टेम्पो येऊन थांबला, माणसं उतरली, थोडं बोलणं ऐकू आलं आणि कटर सुरू झाला. कर्रर्र असा आवाज डोंगराला लागून परत येत होता. तात्यांचा हात पोटाकडे गेला आणि तिथेच राहिला. त्यांनी मान वळवून तिकडे पाहिलं नाही. दुसऱ्या हाताने माझ्या कपात चहा ओतला, बशी पुढे सरकवली.

"तुज्या दुकानाचं सांग," ते म्हणाले. "पैल्यापासनं सांग."

कटर फार ओरडत होता, म्हणून मी मोठ्याने सांगू लागले.